बिब्बा उतला असं आम्ही म्हणत होतो

आमची आरू खाजवत नाही, याचं आम्हाला फार कौतुक होतं. सहा वर्षांची पोर, पायभर लाल ठिपके, आणि एकदाही नख लावत नाही. माझी बायको वैशाली शेजारच्या बायांना सांगायची, आमच्या पोरीला एकदा सांगितलं की कळतं. मीही दुकानात आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाला सांगितलं असेल. तिला खाजतच नव्हतं, हे घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला राहतो. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळल्या की माझ्या दुकानात येतात. मी त्या उघडतो, जळलेली तार काढतो, नवी भरतो. कुठं जळलं आणि कशानं जळलं हे शोधण्यातच माझी सगळी वर्षं गेली. स्वभाव तापट आहे, हेही आताच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं त्यात या दोन्ही गोष्टींचा हात आहे.

डॉक्टरी माहिती देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ती डॉक्टर देतील. ज्यांच्या लेकराच्या अंगावर डाग येतात, जातात, पुन्हा येतात आणि कारण कळत नाही, त्या आईबापांसाठी लिहितो.

गुडघे

दिवाळी झाली आणि आरू संध्याकाळी गुडघे दुखतात म्हणून रडायला लागली. वाढीचं दुखणं आहे, असं सगळेच म्हणाले. माझ्या आईला मी माय म्हणतो. माय बिब्बा लावायची. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. बिब्ब्याचं काळं फळ सुईनं टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं. त्या तेलाचे बारीक ठिपके दुखऱ्या जागेभोवती देतात. कंबर धरली, पाय मुरगळला, की गावातल्या बाया मायकडे यायच्या. तिच्या हाताला गुण आहे म्हणायच्या. पण बिब्बा एखाद्याला सोसत नाही. मग अंगावर पुरळ उठतं, आग होते. त्याला आम्ही बिब्बा उतला म्हणतो. त्यावर खोबरं चावून लावायचं आणि उन्हात जायचं नाही.

मायनं मला विचारल्याशिवाय काही केलं नाही. लावू का, म्हणाली. मी जेवत होतो, ताटातून मान वर न करता लाव म्हटलं. तिनं आरूच्या दोन्ही गुडघ्यांभोवती पाच-पाच ठिपके दिले. त्या दिवशी पोर शांत झोपली.

दहा-बारा दिवसांनी पिंढऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले. मांडीवर निळा डाग आला, कुठं आपटल्यावर येतो तसा. माय म्हणाली, बिब्बा उतला. खोबरं लावलं, चार-आठ दिवसांत डाग पिवळा पडून गेला. मग दंडावर आला. तोही गेला. मग पाठीवर आला. दर वेळी आम्ही खोबरं लावायचो आणि दर वेळी डाग जायचे, त्यामुळं आमचा खोबऱ्यावरचा विश्वास वाढतच गेला.

शाळेतल्या बाईंनी एकदा वैशालीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी पोरीला कोणी मारतं का. वैशाली रडत घरी आली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन भांडून आलो. बाईंनी बसा म्हटलं, मी बसलोही नाही. आज वाटतं, अख्ख्या गावात त्या एकट्या बाईंनीच ते डाग नीट पाहिले होते.

पौषात ताप आला. तो आठवडाभर उतरला नाही आणि ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा आम्ही पुसदला नेलं.

गन्न्याचा रस

पुसदच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मला विचारलं, घरी काही लावलं का. मी नाही म्हणालो. बिब्ब्याचं नाव काढलं की डॉक्टर रागावतात, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक असतं. त्यांनी तिच्या गुडघ्यांवरचे बिब्ब्याचे काळे ठिपके पाहिले, मग माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग ते माझ्याशी बोलायचं सोडून आरूकडं वळले.

"बेटा, खाजते का?"

"नाही."

"कधीच नाही?"

आपण काही चुकीचं बोललो का, असं आरूनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "नुसतं दुखते."

डॉक्टरांनी तिच्या पायावरच्या एका लाल ठिपक्यावर अंगठा दाबून धरला आणि सोडला. ठिपका होता तसाच लाल राहिला. बिब्ब्याचं पुरळ असं नसतं, ते म्हणाले, हे कातडीखाली रक्त साकळलेलं आहे. रक्त तपासायला दिलं. रिपोर्टला दोन तास लागणार होते, म्हणून आम्ही समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीवर जाऊन बसलो. आरूनं गन्न्याचा रस मागितला. तिचा ग्लास प्यायली, माझ्यातलाही अर्धा प्यायली आणि ओठावरचा फेस पुसून वैशालीला म्हणाली की रोज डॉक्टरकडे यायला पाहिजे. आम्ही दोघंही हसलो. त्यानंतर बरेच महिने आम्ही एकत्र हसलो नाही.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं आणि दार स्वतः उठून लावलं. आजच नागपूरला निघा, म्हणाले. उद्या नाही का चालणार, मी विचारलं, कारण एका शेतकऱ्याची मोटार मी उघडून ठेवली होती आणि त्याचा गहू पाण्यावर आला होता. असं काहीतरी माणूस त्या वेळी विचारतो. डॉक्टर म्हणाले, आजच.

उत्तर

नागपूरला चौथ्या दिवशी नक्की झालं. कमरेच्या हाडातून सुईनं काढलेल्या नमुन्याचा रिपोर्ट आला. वैशाली आरूजवळ होती, म्हणून डॉक्टर बाईंनी मला खोलीत बसवलं. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. रक्ताचा कॅन्सर आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. लहान मुलांमध्ये यावर चांगला उपचार आहे, अडीच वर्षं चालेल, सोपा नाही. कागदाच्या पाठीवर पेननं आखून दाखवलं. त्यातलं मला एकही अक्षर दिसलं नाही.

मी एवढंच विचारलं, "बिब्ब्यानं झालं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "बिब्ब्यानं हा आजार होत नाही. गुडघे दुखत होते तेच या आजारानं. म्हणजे बिब्बा लावायच्या आधीच तो आत होता. तुमच्या आईंचा यात काही दोष नाही. त्यांना हे आजच फोन करून सांगा."

मग कशानं झालं, मी विचारलं. ते कोणालाच सांगता येणार नाही, म्हणाल्या. उशीर झाला का, विचारलं. थोडा झाला, पण तो धरून बसू नका, आता पुढचं पाहू.

चार दिवस मी ज्या उत्तरासाठी जीव टाकत होतो, ते मिळालं ते असं. मला ते पचलं नाही. कशानं जळली ते माहीत नाही, असं मी दुकानात म्हटलं तर गिऱ्हाईक मोटार उचलून चालू पडेल. मला कोणीतरी धरायला हवं होतं. देवावर रागावून पाहिलं, तो उत्तर देत नाही. डॉक्टरांवर रागावायची सोय नव्हती, पोर त्यांच्या हातात होती. लाव म्हणणारा मी होतो, खाजते का हे न विचारणारा मी होतो, शाळेत भांडणारा मी होतो, पण स्वतःला धरायची हिंमत माझ्यात नव्हती.

संध्याकाळी मायचा फोन आला. तिला वैशालीच्या भावाकडून कळलं होतं.

"गजू, बिब्ब्यानंच झालं ना रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांग ना बापा. माह्याच हातानं झालं ना?"

एक वाक्य बोलायचं होतं. डॉक्टर बाईंनी ते तयार करून माझ्या हातात दिलं होतं. मी म्हणालो, "आता थे इचारून काय फायदा हाये, माय?" आणि फोन ठेवला.

मला बरं वाटलं. हे लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण खोटं लिहायचं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं कमी झालं, कारण ते मी उचलून आपल्या आईच्या छातीवर ठेवलं होतं.

वॉर्ड

वॉर्डात शिरलात की पहिला शब्द कानावर पडतो तो काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा. आज किती आला, काल किती होता. आठवडाभरात निरक्षर आजीसुद्धा तो शब्द डॉक्टरसारखा वापरते. सकाळी रक्त काढायचं, दुपारपर्यंत काउंटची वाट पाहायची, त्यावर त्या दिवसाचं हसणं-रडणं ठरायचं. पाणी उकळून गार केलेलं, जेवण ताजं, फळ जाड सालीचं. हात धुवून धुवून वैशालीच्या बोटांना भेगा पडल्या.

शेजारच्या खाटेवर किनवटकडचा एक मुलगा होता. त्याची आई आमच्याआधी चार महिने तिथं होती. तिनं आम्हाला सगळं शिकवलं. तोंडात फोड आले की भात कसा कालवायचा, सुई टोचताना पोराला कुठं पाहायला सांगायचं, आणि रडायचं असेल तर धुण्याच्या नळापाशी जायचं, तिथं पाण्याच्या आवाजात कळत नाही. उन्हाळ्यात तिचा मुलगा गेला. जाताना तिनं आपलं पाणी उकळायचं भांडं वैशालीच्या हातात दिलं.

आरूचे केस गेले तेव्हा तिला फार वाईट वाटलं नाही, कारण वॉर्डात कोणालाच नव्हते. ती मलाच विचारायची, बाबा, तुमचे कधी जाणार? डाग मात्र तिला कळायला लागले होते. मी रोज सकाळी मोबाईलचा उजेड टाकून तिचं अंग तपासायचो, पाठ, मांड्या, टाचा, कानामागं. ती स्वतःच हात वर करून उभी राहायची. मी अजूनही तपासतो. एखादा डास चावला तरी अंगठ्यानं दाबून पाहतो, लाली जाते का. गेली की मग मला श्वास घेता येतो.

वॉर्डात नव्यानं येणाऱ्या आईबापांना एवढंच सांगेन. घरी काय लावलं, काय पाजलं ते डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगा, रागावले तर रागावू द्या. आणि लेकराला विचारा. आम्ही सगळ्यांना विचारलं, तिला सोडून.

मायचे हात

उपचारांच्या मधे काही दिवस घरी पाठवायचे. पहिल्यांदा घरी आलो तेव्हा माय मागच्या टिनाच्या खोलीत राहायला गेली होती. पोरीला बाहेरच्यांपासून दूर ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतंच, म्हणून वैशालीला त्यात वावगं दिसलं नाही. मला कारण माहीत होतं. माहीत असून मी त्या सूचनेच्या आड लपलो.

माय आरूच्या भांड्याला हात लावायची नाही. स्वयंपाक करायची नाही. जन्मापासून या पोरीला तिनंच न्हाऊ-माखू घातलेलं. आरू खिडकीतून हाक मारायची, "आजी, इकडे ये ना." माय अंगणातूनच म्हणायची, "डॉक्टरनं नाही सांगतलं बाई." मग दोन्ही हात पदराखाली घ्यायची. तीनदा आम्ही घरी आलो, तीनदा मी हे पाहिलं. तोवर माझा राग विझून गेला होता. पण आता सांगायचं तर तेव्हा का नाही सांगितलं याचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि उद्या सांगू, उद्या सांगू करत मी आठ महिने काढले.

पोळ्याच्या आसपास एक म्हातारी पाय मुरगळून मायकडे आली. माय तिला काय म्हणाली ते वैशालीनं मोरीतून ऐकलं. "आता नाही लावत मी. माह्या हातानं नातीचं वाटोळं झालं."

वैशाली तशीच दुकानात आली. ओले हात, डोक्यावर पदर नाही. डॉक्टर बाईंनी मला काय सांगितलं होतं हे मी तिला वॉर्डात त्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मायलाही सांगितलं असणारच, असं ती धरून चालली होती.

"तुमी आईले सांगतलंच नाही?"

मी तारेचं वेटोळं हातात धरून बसलो.

"आठ महिने थे बुढी असं घेऊन बसली, अन् तुमाले जेवण गेलं?"

सासू-सुनेचं फार जुळायचं असं नाही. मिठावरून, टीव्हीवरून कुरबुर चालायचीच. तरी त्या दिवसापासून वैशाली चार दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मायचं ताट ती टिनाच्या खोलीत स्वतः नेऊन द्यायला लागली.

तूर

त्याच दुपारी मी मायकडे गेलो. ती सुपात तूर निवडत होती. मी जमिनीवर बसलो आणि डॉक्टर बाई जे म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. बिब्ब्यानं होत नाही. आधीच होतं. गुडघे त्यानंच दुखत होते. ती निवडत राहिली.

"मी इचारलतं तुले तेव्हा," ती म्हणाली. "तेव्हा काहून नाही बोलला?"

"राग होता, माय."

"कोणावर?"

"तुह्यावर."

तिनं सूप खाली ठेवलं. "मी काही केलंच नव्हतं, तं माह्यावर राग कायले होता?"

मी सुपाबाहेर पडलेले दाणे गोळा करायला लागलो. लहानपणी मी खोटं बोललो की म्हणायची तशी ती म्हणाली, जा, दुकान उघडं टाकून आला अशीन. मग तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

नागपूरहून परत

आता आरू गोळ्यांवर आहे. महिन्यातून एकदा नागपूरला दाखवायला जावं लागतं. डोक्यावर केस आले आहेत, आधीपेक्षा कुरळे. शाळेत जाते. बरी झाली, असं अजून म्हणायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं आहे. मागच्या महिन्यात मी मायला सोबत नेलं. नाही म्हणत होती, वैशालीनं तयार केलं.

डॉक्टर बाईंना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. तिथं बसल्यावरच म्हणालो, माझ्या आईला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं आहे. त्यांनी खुर्ची मायसमोर ओढली. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि सावकाश, दोनदा सांगितलं. आजी, तुमच्या हातानं काही झालं नाही. मायनं हात सोडवून त्यांना नमस्कार केला. डोळे पुसले. मला वाटलं, झालं, सुटलो आपण.

यवतमाळच्या स्टँडवर पुसदची गाडी लागायला वेळ होता. बाकड्यावर एका टोकाला माय, एका टोकाला मी, मधे आरू फुटाणे खात बसली होती.

"बाई चांगली हाये," माय म्हणाली. "तू सांगून ठेवलं अशीन तिले."

"नाही माय. मी कायले सांगून ठेवीन?"

"मले बरं वाटावं म्हणून. त्यात काही वाईट नाही. तुह्या जागी मी असती तं मीबी तसंच केलं असतं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "पण खरं तं तू त्याच दिवशी सांगतलं, गजू. फोनवर. तोंडानं नाही सांगतलं, तरी मले समजलं."

मी खूप बोललो. रिपोर्टची फाईल काढली, तिला काय कळणार त्यातलं, तरी पानं उलटून दाखवली. आजूबाजूचे लोक पाहायला लागले. माय मान डोलवत राहिली, आजाऱ्याच्या कलानं घ्यावं तशी. शेवटी मला काही सुचेना. आमच्याकडं माणसाचं काहीच चाललं नाही की एकच गोष्ट उरते. मी आरूच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. म्हणालो, "पोरीची शपथ घेऊन सांगतो..."

मायनं माझं मनगट वरच्यावर धरलं. त्या म्हातारीच्या बोटांत इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"तिच्या डोक्यावर नको," ती म्हणाली. "खोटी शपथ लेकराले बाधते."

आरू आमच्याकडं आळीपाळीनं पाहत होती. पुसदची गाडी लागेपर्यंत मायनं माझं मनगट सोडलं नाही.